गुंडीचं इंजेक्शन

२ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, एक शिवणयंत्र आणि मी, एवढा सगळा संसार एका टॅक्सीत मावला. यंत्र डिकीत ठेवताना टॅक्सीवाल्याने विचारलं, यात दगड भरलेत का. मी म्हटलं, दगड नाहीत बाबा, माझी अख्खी नोकरी आहे, जपून ठेव. तो हसला, पण त्याने खरंच जपून ठेवलं.

शिंप्याच्या ज्या दुकानात काजं करण्यात आणि गुंड्या लावण्यात माझं आयुष्य गेलं, ते बंद पडलं. मालकाच्या मुलाने तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान थाटलं. आता करायचं काय, या विचारात मी असतानाच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला विमानतळावर दिवसपाळी-रात्रपाळीची नोकरी लागली आहे. मेहुणे बोटीवर असतात, एकदा गेले की सहा महिने त्यांचं तोंड दिसत नाही. मग पोरीकडे बघणार कोण? ताई, तू येच, म्हणाली. मी काय, एका पायावर तयार होते. लग्न केलं नाही, त्यामुळे हक्काचं म्हणावं असं पोर हे एकच, माझी भाची.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, गरगरते. सहा वर्षांची आहे. जन्मल्यापासून तिचा प्रत्येक फ्रॉक मी शिवला आहे. दारात येऊन तिने माझ्या कमरेला मिठी मारली आणि लगेच बॅगेत माझ्यासाठी काय आहे, असं विचारलं. लबाड आहे. माझ्यावर गेली आहे.

मला स्वयंपाकघरामागची खोली दिली आहे. खिडकी परसात उघडते, उजेड भरपूर आहे, यंत्राला अगदी योग्य जागा. धाकटीने भिंतीला नवा रंग दिला आहे आणि लिहायला ही वहीसुद्धा आणून ठेवली आहे. इतका मान मला कुणी कधी दिला नव्हता. झोप लागेपर्यंत मी स्वतःशीच हसत होते.

५ फेब्रुवारी

या घरात अजून दोघं राहतात, हे लिहायचं राहिलं. वरच्या मजल्यावर भिंगरीची आत्या, म्हणजे मेहुण्यांची बहीण, आणि तिचा कुत्रा. आत्या प्राण्यांची डॉक्टर आहे, दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना आहे. कुत्र्याचं नाव साहेब. नाव ज्याने ठेवलं त्याला माणसांची पारख असावी. मी आले तेव्हा हे साहेब सोफ्यावर आडवे होते. त्यांनी एक डोळा उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. उठून बसायची तसदीही घेतली नाही.

भिंगरीसाठी मी दोन मोठ्या खिशांचा फ्रॉक शिवून आणला होता. तिला तो फार आवडला. खिशांत ती काय भरते? साहेबांची बिस्किटं. सकाळी उठली की आधी साहेब, शाळेतून आली की दप्तर फेकून आधी साहेब, आणि संध्याकाळी आत्याची स्कूटर फाटकाशी वाजली की मग विचारूच नका. माझ्या हातातला घास तसाच राहतो आणि पोरगी पळते. मी तो घास पुन्हा ताटात ठेवते. आज तीनदा ठेवला.

आत्या वाईट असती तर बरं झालं असतं, निदान नावं ठेवता आली असती. पण ती मला ताई म्हणते, अहोजाहो करते, येताना माझ्यासाठी पेरू आणते. भिंगरीला कडेवर घेते, एवढ्या मोठ्या घोडीला! आणि घोडीही तिच्या गळ्यात हात टाकून बसते, रात्री झोपतेही वर तिच्यापाशीच. मला जळायला होतं. लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे, इथे खोटं कशाला बोलू.

९ फेब्रुवारी

आज देवच पावला. परसात पाण्याच्या मीटरच्या पेटीमागून म्यांव ऐकू आलं. बघते तर मुठीत मावेल एवढं पिल्लू, पांढरं, पाठीवर बरोबर मधोमध एक काळा गोल ठिपका. अगदी कोटाची गुंडी लावावी तसा. मी तिथेच नाव ठेवलं, गुंडी. धाकटी म्हणाली, ताई, मोठी झाल्यावर गुंडगिरी करेल हं ही.

भिंगरी शाळेतून आली. साहेब शेपटी हलवत दारात उभे होते, तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ माझ्या खोलीत! गुंडीला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत माझ्या पलंगावर बसून होती. मला म्हणते कशी, मावशी, मांजर वाघाची मावशी असते ना, मग तू पण वाघाची मावशी. तेव्हापासून तीच हाक चालू आहे. स्कूटर वाजली तेव्हा तिने फक्त मान वळवली आणि म्हणाली, आत्या, आज तूच इकडे ये.

आत्या आली. दाराशीच उभी राहून बघत होती. मी तिला बस म्हटलं, पण फार आग्रह केला नाही.

१२ फेब्रुवारी

जेवताना आत्याने विषय काढलाच. गुंडीला लस द्यायला हवी, रेबीजची आणि मांजरांच्या बाकीच्या आजारांची. मी म्हटलं, घरातली मांजर, ती कुठे कुणाला चावायला जाते? त्यावर ती म्हणाली की मांजर बाहेर गेली नाही तरी बाहेरचं घरात येतं, बोका येतो, वटवाघूळ येतं, आणि मांजर खिडकीतून कधी निसटेल ते तिलाही माहीत नसतं. जनावराला वेळेवर टोचलं तर काहीच होत नाही. नाही टोचलं आणि एकदा रोगाची लक्षणं दिसली, तर मग जनावर असो की माणूस, कुणी परत येत नाही. भिंगरी चमचा तोंडात धरून ऐकत होती. आत्या बोलायला लागली की ती अशीच ऐकते. मी गोष्ट सांगते तेव्हा जांभया देते.

आत्या म्हणाली, उद्या दवाखान्यात घेऊन या ताई, मी तपासून सगळं करते. भिंगरीने टाळ्या पिटल्या, आत्या गुंडीला टोचणार, मी धरणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मांजर माझी, आणि तिची डॉक्टर पुन्हा ही. दोन दिवसांत पोरगी म्हणेल, आत्याने गुंडीला बरं केलं, गुंडी आत्याची. मी म्हटलं, माझा एक ओळखीचा डॉक्टर आहे, मी त्याच्याकडे नेईन. ओळखीचा कसला, बाजारात जाताना त्याची पाटी वाचली होती, एवढंच. आत्या म्हणाली, चालेल की, कुणीही दिली तरी लस तीच. तिला रागही येत नाही, हाच तर त्रास आहे.

१५ फेब्रुवारी

पाटीवाल्या डॉक्टरकडे जाऊन आले. गुंडीला पिशवीत घातलं होतं, तिने वाटभर पिशवी फाडायचं काम केलं. डॉक्टर तरुण आहे, बोलतो बरा. त्याने गुंडीचं अंग तपासलं, नाक वाहतंय, ताप आहे, म्हणाला. आजारी जनावराला लस देत नाहीत, आधी बरी होऊ दे, वयही अजून थोडं कमी आहे, मग घेऊन या. ताकदीचं एक इंजेक्शन मात्र त्याने दिलं.

घरी आले तर तिघीही ओसरीत, धाकटी, आत्या आणि भिंगरी. आत्याने विचारलं, झालं का ताई इंजेक्शन? मी म्हटलं, झालं.

यात खोटं काय आहे? इंजेक्शन झालंच. मला कुठलं म्हणून कुणी विचारलं नाही. काही दिवसांनी गुपचूप जाऊन खरं टोचून आणलं की झालं, कुणाला कळायचं कारण नाही. भिंगरीने गुंडीची जागा चोळून दिली आणि मला शूर मावशी म्हणाली.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस जेवले नाही. परवा गुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून निसटली होती. भिंगरी रडून रडून आजारी पडायची बाकी होती. आज दुपारी आपणहून आली, मानेजवळ लचका तोडल्यासारखी जखम, अंगभर चिखल. कुत्रा होता की बोका, कोण जाणे. मी धुऊन मलम लावलं.

आत्याने जखम पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. इंजेक्शन झालंय ना, तिने पुन्हा विचारलं. झालं म्हटलं ना, मी जरा फटकारूनच म्हणाले. ती म्हणाली, अशी जखम झाली की आधी दिलेली असली तरी लगेच आणखी एक द्यायची असते, मी आत्ता देते. मी गुंडीला उचलून घेतलं. माझा डॉक्टर बघेल, म्हटलं. आज त्याचा दवाखाना बंद असतो. उद्या जाते.

४ मार्च

गेले नाही. जायचं म्हणून निघाले होते, पण त्याच दिवशी आत्याने भिंगरीला दवाखान्यात नेलं, तिथे कुणाच्या तरी कुत्रीला पिल्लं झाली होती म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं, मी दिवसभर खोलीत पडून राहिले. मग रोज काही ना काही निघत गेलं. आणि आता गुंडीची जखम भरली आहे. टुणटुणीत आहे. दोऱ्याच्या रिळांमागे धावते, मापाच्या टेपशी कुस्ती खेळते. अशा जनावराला काय झालंय म्हणून टोचायचं?

शिवाय भिंगरी आता रोज दुपारी माझ्या खोलीत असते. तिला मी काज करायला शिकवते. आम्ही गुंडीसाठी उरलेल्या कापडाचं अंथरूण शिवलं. साहेब दाराबाहेर बसून आत बघत असतात. बघू देत. मी आल्यापासून माझीही हीच गत होती, तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही.

१८ मार्च

गुंडीचं काहीतरी बिनसलं आहे. कालपासून पलंगाखालच्या कोपऱ्यात बसते, दुधाला तोंड लावत नाही. हाक मारली की मान वळवते, पण मला ओळखत नसल्यासारखी. डोळ्यांच्या बाहुल्या भर उन्हातसुद्धा मोठ्या. आवाजही बदलला आहे, घोगरा. एवढ्याशा जिवातून तो आवाज निघतो आणि माझ्या अंगावर काटा येतो.

पोट बिघडलं असेल.

१९ मार्च

सकाळी तिला उचलून तोंडाशी धरलं, नेहमी धरते तशी. तिने माझा खालचा ओठ धरला. धरला आणि सोडेना. शेवटी मान दाबून सोडवावं लागलं. रक्त बरंच आलं. धाकटीला सांगितलं की गरम चहाने भाजलं. ती म्हणाली, ताई, तू पण ना!

गुंडीने असं कधी केलं नव्हतं. भ्याली असेल.

२० मार्च

दुपार. भिंगरीने गुंडीला बोलवायला पलंगाखाली पाय घातला आणि किंचाळली. टाचेला दातांच्या दोन बारीक खुणा. नळाखाली धरलं, मलम लावलं. ती हुंदके देत होती. मी म्हटलं, आत्याला सांगितलंस तर ती गुंडीला घेऊन जाईल, आणि गुंडी मग परत येणार नाही. पोरीने डोळे पुसले आणि विचारलं, मग हे आपलं गुपित का? मी म्हटलं, आपलं. दोघींचंच.

संध्याकाळी साहेबांच्या कानावर रक्त दिसलं. ते माझ्या खोलीत डोकावले असणार आणि गुंडीने पंजा मारला असणार, की चावली. आत्याने कान तपासला. साहेबांना दर वर्षी लस असते, तरी तिने लगेच वर नेऊन आणखी एक दिली. कुत्र्याचे लाड बघा! मग खाली आली आणि एकेकाला विचारू लागली. गुंडी आणखी कुणाला चावली का? ताई, तुम्हाला? मी ओठावर पदर धरून नाही म्हणून मान हलवली. भिंगरीकडे वळली. तुला? नखसुद्धा लागलं असेल तर सांग राणी, रागावणार नाही.

भिंगरीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आत्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, नाही.

आत्याशी ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी भांडी आवरायला घेतली. आत्याने गुंडीला बघायला मागितलं. मी म्हटलं, झोपली आहे, सकाळी बघ. तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं, इंजेक्शन नक्की झालंय ना? तेव्हा एकदाच वाटलं, सांगून टाकावं. पण आता कुठल्या तोंडाने सांगू? झालं, म्हटलं.

२१ मार्च

गुंडी गेली. पहाटे मागचे पाय ओढत भिंतीला धडकत होती, तोंडातून लाळेच्या तारा. उजाडल्यावर हलेना. परसातल्या मीटरच्या पेटीमागेच पुरली. सगळ्यांना सांगितलं, खिडकीतून निसटली पुन्हा.

आत्या म्हणाली, वाईट झालं, चावणारं जनावर दहा दिवस नजरेखाली ठेवायला हवं होतं. गल्लीभर शोधून आली. भिंगरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. माझ्या मांडीवर.

जखमेनेच गेली असणार. मानेची जखम आतून चिघळली असेल.

२ एप्रिल

सगळं ठीक आहे. भिंगरीची टाच रोज अंघोळीच्या वेळी बघते. खूणही राहिली नाही. माझा ओठही भरला. उगाच मनाला लावून घेतलं होतं. आज तिच्या शाळेच्या कपड्यांना गुंड्या लावल्या. साहेबांचा कानही बरा झाला.

साहेब हल्ली माझ्या खोलीत येत नाहीत. उंबऱ्याशी थांबतात, नाक वर करून वास घेतात आणि मागे सरतात.

११ एप्रिल

ओठ चुरचुरतो. व्रण बाहेरून गुलाबी आहे, पण आतून मुंग्या आल्यासारखं होतं. खाजवून खाजवून सुजला. अंगात कसकस. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आत्या वर हसली तरी मला ते कानाशी ऐकू येतं, आणि तिचा इतका राग येतो की दात शिवशिवतात. असा राग मला कधी आला नव्हता. मत्सर जुना आहे, हे काहीतरी वेगळं आहे.

१२ एप्रिल

सकाळी चहा गिळता आला नाही. घसा दुखत नाही, फक्त कप जवळ आला की मिटतो. धाकटी म्हणाली, सर्दी असेल, गुळण्या कर. तिने पेल्यात पाणी ओतलं. ओतताना जो आवाज झाला त्याने माझी मान आपोआप मागे गेली, हात आखडले, पेला भिंतीवर जाऊन फुटला. धाकटी घाबरली. मी म्हटलं, हातातून निसटला.

मग एकटी असताना पुन्हा प्रयत्न केला. तहान तर इतकी लागली आहे. नळाकडे पाठ करून उभी राहिले. नळ सोडला नाही, नुसता सोडायचा विचार केला—

घशात मूठ आवळल्यासारखं झालं.

मला माहीत आहे हे काय आहे. जेवताना ऐकलं होतं. कुणी परत येत नाही, आत्या म्हणाली होती.

१२ एप्रिल, दुपार

पंखा बंद केला. वारा अंगावर आला की तसंच होतं. खिडकीवर चादर लावली, उजेड टोचतो.

माझं जाऊ दे. पोरीच्या टाचेत तेच आहे. माझा चावा तोंडावर, म्हणून लवकर. तिचा पायावर, डोक्यापर्यंत चढायला वेळ लागत असेल. अजून बागडतेय. अजून पाणी पितेय. मी दाराच्या फटीतून बघितलं, गटागटा प्यायली. म्हणजे वेळ आहे. आत्ताच्या आत्ता सांगितलं तर वेळ आहे.

सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. इंजेक्शन झालं म्हणजे काय झालं, ते. भिंगरी ऐकेल. माझ्याकडे कशी बघेल?

संध्याकाळी सांगते, आत्या आली की.

१३ एप्रिल

सांगितलं नाही.

आत्या आली तेव्हा भिंगरी माझ्या खोलीत होती. उशी घेऊन आली होती. मावशीला बरं नाही, म्हणून मी आजपासून मावशीपाशी झोपणार, आत्यापाशी नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाली. हे ऐकायला मी या घरात आले त्या दिवसापासून तरसत होते. आणि नेमकं तेव्हाच तोंड कसं उघडू? मी तिला जवळ घेतलं नाही, लांब गादी घालून दिली. एवढं भान होतं. एक रात्र, म्हटलं. एकच.

सकाळी जाग आली तर मी तिच्या गादीशी ओणवी होते. तिच्या गळ्याकडे बघत. तोंडातून लाळ. कधी उठले, कशी आले, आठवत नाही.

तिला उठवून बाहेर ढकललं. आतून कडी लावली.

१३ एप्रिल, नंतर

सांगितलं.

दाराआडून सांगितलं, आत्याला. आवाज माझा नव्हता, शब्द तुटत होते. ताकदीचं होतं ते, म्हटलं. लस नव्हती. कधीच दिली नाही. मला चावली, भिंगरीच्या टाचेला चावली, साहेबांच्या आधी, त्याच दुपारी. मी शिकवलं तिला नाही म्हणायला.

वाटलं, ओरडेल. दार फोडेल. तिने फक्त विचारलं, कुठल्या पायाला. धुतलं होतं का. आणि भिंगरीला ताप वगैरे आहे का. मग म्हणाली, पोरीला अजून वेळ आहे, आत्ता नेते. ताई, तुमच्यासाठी—

रडत होती, वाटतं. माझ्यासाठी.

तरीसुद्धा मला तिचा राग आला. तरीसुद्धा.

—

फटीतून पाहिलं. आत्याने तिला कडेवर घेतलं. भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले. तोंड तिच्या खांद्यात. माझ्या दाराकडे बघितलं नाही. एकदाही.

धाकटी फाटकाशी उभी आहे, माझ्यासाठी गाडी बोलावली आहे. आत कुणी येऊ नका, मीच सांगितलंय.

वाचेल ती. आत्याची होऊन वाचेल. होऊ दे. एवढं लिहायला हात—

कुणीतरी नळ सोडला कुठेतरी. बंद करा. बंद

—

पावलं. छोटी. गरगरत येतात तशी.

आत्याच्या हातून निसटली. परत आली. दार वाजवतेय. मावशी, तू पण चल, तुला पण टोचतील, दुखत नाही, मी धरते तुझा हात— रडतेय. तुझ्याशिवाय जाणार नाही म्हणते.

माझ्याशिवाय

जा म्हणून ओरडले. जा आत्याकडे. शब्द नाही निघाला, तो घोगरा आवाज निघाला, गुंडीचा. तरी ती हलत नाही. आत्या लांबून हाका मारतेय, ती ऐकत नाही. मलाच हाक मारतेय. मला. आत्याला नाही

दात थांबत नाहीत

किती गोड हाक मारते. मी उठले नाही, पण उभी आहे. दाराशी. वही दारावर धरून लिहिते. जा ग पोरी, आत्याकडे जा, आत्याच तुझी, जा— दुसरा हात माझं ऐकत नाही, कडीवर गेलाय, कडी सर